अकरावी संमती

चष्म्याच्या दुकानात माझा नवरा माझ्या पाठीमागून म्हणाला, "ती निळी घे. तुला निळी शोभते."

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले होते, त्यामुळं आरशात मला माझंच तोंड धुरकट दिसत होतं. मी न वळताच म्हटलं, "निळी? या वयात? आणि तुम्ही कधी आलात?" पाठीमागं एक बाई हसली. माझ्या नवऱ्यानं तिला विचारलं, "या तुझ्या ओळखीच्या आहेत का?"

तेव्हा मी वळले. उंच, हडकुळा, पांढऱ्या दाढीचा एक माणूस उभा होता. आमचे हे बुटके आहेत, आणि दाढी त्यांना शोभत नाही हे मी लग्नाआधीच सांगून ठेवलेलं आहे. त्या माणसाच्या गळ्यावर करड्या रंगाची पट्टी होती, शर्टाच्या खिशात फोन होता आणि फोनमधून आमचे हे बोलत होते. ओठ त्याचे, आवाज यांचा.

बाईनं निळी फ्रेम घातली होती. तिला ती खरंच शोभत होती. एवढं मला धुरकट दिसत असूनही दिसलं.

शमशाद मुजावर तिचं नाव. नवरा दस्तगीर सायझिंगमध्ये कामाला होता, सुताला खळ लावायच्या कारखान्यात. घशात गाठ झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याचं स्वरयंत्र काढलं. माझ्या मिस्टरांनाही अशीच पट्टी आहे, एवढंच मी सांगितलं, आणि तिनं माझा हातच धरला.

"अक्का, तुम्हाला म्हणून सांगते. बावीस वर्षं संसार केला, हे माझ्याशी असं कधी बोलले नाहीत. घरात आम्ही दखनी बोलतो, पण पट्टीला मराठीच येतं. आता हे मराठीतनं बोलतात, आणि असं बोलतात की मला डोक्यावर पदर घ्यावासा वाटतो."

दस्तगीर लाजून चष्म्यांच्या कपाटाकडं बघत राहिला. आम्ही नंबर घेतले. मी चष्मा न घेताच घरी आले.

का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आम्ही इचलकरंजीचे. आमचे हे, भूपाल मगदूम, तीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर आहेत. म्हणजे बिघडलेला माग ज्याच्या हातानं चालू होतो तो माणूस. मी त्याच शेडमध्ये आधी सुताच्या कांड्या भरायची, मग डॉबीच्या पट्ट्यांवर खुंट्या बसवायची. कापडावर नक्षी उमटायची तर कुठल्या फेरीला कुठला धागा वर उचलायचा, हे त्या खुंट्या मागाला सांगतात. खुंटी आहे, धागा वर. खुंटी नाही, धागा खाली. पुढं नक्ष्या कॉम्प्युटरवर आल्या, आणि मला कळलं की कॉम्प्युटरलाही मुळात एवढंच कळतं. बाकीचं मी व्हिडिओ बघून आणि दुसऱ्यांचे प्रोग्रॅम बिघडवून शिकले. शाळा नववीपर्यंत.

शेडमध्ये शंभर माग एकदम चालतात. तिथं आवाज काढून बोलणं म्हणजे घशाची नासाडी, म्हणून आम्ही सगळे आवाज न काढता बोलतो. तोंड मोठं उघडायचं, ओठ नीट हलवायचे, समोरच्यानं बघायचं. यांनी मला लग्नाचं विचारलं तेही असंच, दोन मागांच्या पलीकडून. मी नीट दिसलं नाही असं दाखवून त्यांना तीनदा विचारायला लावलं होतं.

त्यामुळं नऊ वर्षांपूर्वी ऑपरेशन होऊन यांचा आवाज गेला तेव्हा आमच्या दोघांत फारसं काही बिघडलं नाही. बिघडलं ते बाहेर. बँकेत हे ओठ हलवायचे आणि साहेब माझ्याकडं बघायचा. डॉक्टर, किराणावाला, यांची सख्खी बहीण, सगळे माझ्याकडं बघायचे. दोन वर्षं जगाशी जे काही बोलायचं ते हे माझ्यातून बोलले. खोटं कशाला सांगू, मला ते आवडत होतं.

मग पुण्याच्या चित्कला दामले आल्या. त्या वाणी उपचार करतात, आणि त्यांच्याभोवती जमलेली आठ-नऊ माणसं ही पट्टी बनवत होती. त्यातलं शास्त्र मला जसं कळलं तसं सांगते. स्वरयंत्र गेलं तरी बोलायची इच्छा जात नाही. मेंदू जबड्याच्या आणि गळ्याच्या स्नायूंना हुकूम देत राहतो, आणि हुकूम आला की स्नायूंत अगदी बारीक वीज खेळते. एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातले काही मोजके भाग, एवढी बारीक. पट्टीला आठ चकत्या आहेत, त्या कातडीवरून ती वीज टिपतात. फोनमधल्या प्रोग्रॅमचा पहिला भाग त्यावरून ओळखतो की माणसाला काय म्हणायचं आहे. दुसरा भाग ते आवाजात म्हणतो. सगळं मिळून पापणी लवायला लागतो तेवढा वेळ.

अडलं होतं पहिल्या भागात. आवाज नसताना माणसं पुटपुटतात, ओठ अर्धे हलवतात, आणि मशीन तीनातला एक शब्द चुकायचं. चित्कलाताई यांना तपासायला आल्या, यांचं तोंड बघून थांबल्या आणि त्यांनी विचारलं की असं बोलायला तुम्हाला कुणी शिकवलं. मी त्यांना शेडमध्ये नेलं. बिनआवाजाचं इतकं स्वच्छ बोलणारी माणसं त्यांनी कुठं बघितली नव्हती. आम्ही चाळीस विणकरांना पट्ट्या लावून बसवलं, त्यांच्याकडून महिनाभर बोलून घेतलं. चूक तीनातल्या एका शब्दावरून पंचविसातल्या एकावर आली.

दुसरा भाग, आवाजाचा, मी लिहिला. आणि घोटाळा मी तिथं केला.

यांचाच आवाज यांना परत द्यायचा म्हणून जुनी रेकॉर्डिंग शोधली. व्हॉइस मेसेज सापडले सतराशे. त्यातले सहाशे शेडच्या मालकाला पाठवलेले, सगळ्यांत मागांचा खडखडाट. मशीनला शिकवायला आवाज स्वच्छ लागतो, म्हणून मी ते सहाशे काढून टाकले. उरले अकराशे. ते स्वच्छ होते, कारण ते मला पाठवलेले होते, आणि मला निरोप पाठवायचा असला की हे शेडच्या बाहेर येऊन बोलायचे. 'आलोच, पोहे एवढ्यात टाकू नको.' 'तुझं डोकं उतरलं का?' 'काही नाही, सहज.' अकराशे वेळा एक माणूस काम टाकून बाहेर येऊन एका बाईशी बोलला, आणि त्यावरून मशीन बोलायला शिकलं. स्वच्छ आवाज तेवढा निवडला, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

प्रोग्रॅमचं नाव आम्ही 'कंठ' ठेवलं आणि तो खुल्या परवान्यावर सोडला. या परवान्याचं म्हणणं असं की प्रोग्रॅम कुणीही वापरावा, उघडून बघावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. अट एकच. पुढं देताना तुम्हाला मिळालं तेवढंच स्वातंत्र्य पुढच्यालाही द्यायचं, त्यावर स्वतःचं एकही जास्तीचं बंधन घालायचं नाही. आणि एकदा दिलेलं परत मागायची सोय नाही. यांनी आवाज दिला तोही याच परवान्यावर. फॉर्मवर सही करताना मी शेजारी होते, चहा गाळत होते.

ज्यांच्याकडं स्वतःचं रेकॉर्डिंग नसतं त्यांना 'कंठ' यांचा आवाज देतो. बहुतेकांकडं नसतं. माणूस आपला आवाज जाणार आहे असं धरून जगत नाही.

आणि घरी? घरी हे चपला काढायच्या आधी पट्टी काढतात. दारामागच्या खिळ्याला लावतात आणि माझ्याशी शेडसारखं, नुसत्या ओठांनी बोलतात. चष्म्याच्या दुकानातून आल्यावर मी त्या खिळ्याकडं बराच वेळ बघत बसले. मालकाला आवाज, किराणावाल्याला आवाज, मुजावरांच्या शमशादला तर निळी फ्रेम शोभते हे सांगणारा आवाज. मला बिनआवाजाचं.

मी यांना काही बोलले नाही. काय बोलणार होते? तुमच्या आवाजात एक परका माणूस त्याच्याच बायकोचं कौतुक करत होता, याचा जाब कुणाला विचारतात?

त्यानंतर महिन्याभरानं चित्कलाताईंची मेल आली, अकरा जणांना. 'कंठ' ज्यांनी ज्यांनी लिहिला आणि ज्यांनी आवाज दिला असे आम्ही अकरा मालक. प्रश्न फोनमधल्या स्टोअरचा होता, जिथून सगळे ॲप उतरवून घेतात त्याचा. दीड वर्षापूर्वी फोनमधली फसवणूक थांबवायला म्हणून नव्या फोनांवर स्टोअरबाहेरचा प्रोग्रॅम चढवणं बंद झालं. जुन्या फोनांवर 'कंठ' चालत होता, पण फोन काही जन्मभर टिकत नाहीत. 'कंठ' वापरणारे साडेतीनशे. त्यातल्या नव्वद जणांचे फोन गेले होते आणि ती नव्वद माणसं पुन्हा मुकी झाली होती. यांच्याही फोनची बॅटरी फुगली होती. चार्जर खिशात घेऊनच हिंडायचे.

मग घालायचा की स्टोअरमध्ये, असं वाटेल. पण स्टोअरच्या स्वतःच्या अटी असतात. तिथून घेतलेला प्रोग्रॅम घेणाऱ्याच्या खात्याला बांधलेला. दुसऱ्याला द्यायचा नाही, ठरावीक फोनांपेक्षा जास्त फोनांवर घालायचा नाही, उघडायचा नाही. म्हणजे आमचा परवाना ज्याला जास्तीचं बंधन म्हणतो, नेमकं तेच. 'कंठ' तसाच स्टोअरमध्ये ठेवणारा आमचाच परवाना मोडणार. वाट एकच होती. सगळ्या मालकांनी लिहून द्यायचं की मूळ प्रोग्रॅम बाहेर आहे तसा खुलाच राहील, पण स्टोअरमधल्या प्रतीपुरती आमची जास्तीची परवानगी आहे. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. अकरा जणांचं सूत एका कापडात विणलंय. एकाचं काढायचं म्हटलं तर कापड उसवतं.

चार दिवसांत दहा जणांनी होकार दिला. पहिला यांचा. एकच शब्द, 'चालेल.' माझ्याशी न बोलता.

मी पाचव्या दिवशी बसून एक झकास मेल लिहिली. स्वातंत्र्याला कुलूप घालून ते वाटता येत नाही, असं लिहिलं. आज एका स्टोअरसाठी अट वाकवली तर उद्या प्रत्येकासाठी वाकवावी लागेल, असंही लिहिलं. तत्त्व म्हणून माझी संमती नाही, इतकं लिहून सही केली. मला स्वतःलाच ती मेल इतकी पटली की मी ती दोनदा वाचली.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या केरळच्या इंजिनियरनं लिहिलं की गटात इतका ठाम आवाज हवाच होता. जर्मनीच्या एका प्राध्यापकानं, ज्यांनी होकार आधीच दिला होता, मला तीन परिच्छेद भरून मानाचा मुजरा केला. कुणीतरी माझी मेल परवान्याच्या चर्चेच्या एका मोठ्या मंचावर टाकली. जगभरातल्या लोकांनी इचलकरंजीच्या त्रिशला मगदूमचं नाव उच्चारता येत नसताना तिला शाबासकी दिली. आयुष्यात पहिल्यांदा माझं इतकं कौतुक झालं, आणि ते मत्सराचं झालं.

चित्कलाताईंनी मात्र फोन केला. त्या कधी आवाज चढवत नाहीत. माझी मेल चांगली आहे, म्हणाल्या, आणि मुद्दा खोटाही नाही. पण स्टोअरचे नियम बदलेपर्यंत थांबायचं तर नव्वदाचे दीडशे होतील. माझा भाग काढून नव्यानं लिहायचा तर आठ-नऊ महिने लागतील, तेही चांगला मराठी आवाज दुसरा कुणी दिला तर. तोवर मशीनचा सपाट आवाज, तोही निम्मा वेळ अडखळणारा. त्यांनी मला विनवलं नाही. फक्त शेवटी विचारलं, "त्रिशलाताई, इतक्या वर्षांत परवान्याचं कलम तुम्ही एकदाही माझ्याकडून समजून घेतलं नव्हतंत. एकदम इतकं जवळचं कसं झालं?"

मी म्हटलं, दूध उतू जातंय. गॅसवर काहीच नव्हतं.

एक तोड माझ्या मनात होती, ती मी त्यांना सांगितली नाही कारण ती सांगण्यासारखी नव्हती. हा आवाज यांच्यापुरता राहावा, आणि यांचा माझ्यापुरता. पण खुल्या परवान्यात 'माझ्यापुरतं' असं कलम नाही. मी शोधलं. एकतर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. आणि 'कुणालाच' मध्ये हेही आले. यांचा फोन गेला की हे बँकेत ओठ हलवणार आणि साहेब माझ्याकडं बघणार. हा विचार आला तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बरं वाटलं.

त्या आठवड्यात शमशादचा फोन आला आणि मंगळवारी सकाळी अकराला दोघं दारात. आमचे हे शेडमध्ये गेले होते. दस्तगीरच्या गळ्यावर पट्टी होती पण ती नुसतीच, दागिन्यासारखी. त्याचा फोन पाण्याच्या टाकीत पडला होता. पोरीनं नवा घेऊन दिला, चांगला भारी. त्यावर 'कंठ' चढेना.

मी पोहे केले. शमशाद बोलत राहिली. तीन आठवडे झाले. दस्तगीर वहीवर लिहितो, पण तिला वाचायला वेळ लागतो, तोवर त्याचा धीर सुटतो. वही भिरकावतो. तुमच्या मिस्टरांचं कसं चाललंय, त्यांना कुणाची ओळख आहे का पुण्यात.

"कुणीतरी एकजण अडून बसलाय म्हणे, अक्का. दहा माणसं हो म्हणाली आणि एकजण नाही म्हणतोय. कोण असेल हो?"

"असेल कुणीतरी," मी म्हटलं, आणि पाणी आणायला आत गेले. तांब्या भरलेलाच बाहेर होता.

परत आले तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि निळा चष्मा हातात. दस्तगीर तिच्याकडं बघून काहीतरी म्हणत होता. सायझिंगमध्येही आवाज कमी नसतो. त्याचं तोंड आमच्यासारखंच स्वच्छ चालत होतं. शमशाद कधी कारखान्यात गेलेली नाही, तिला त्यातलं काही कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं.

"ते म्हणतायत," मी म्हटलं, "रडू नको. चष्मा घाल. परवा तू भाजीवाल्याला शंभराच्या जागी पाचशे देऊन आलीस."

शमशाद माझ्याकडं बघत राहिली. दस्तगीरनं जोरात मान हलवली, हो, हेच म्हणालो, आणि पुढं आणखी काहीतरी म्हणाला, नजर खाली घालून. ते मी सांगायला नको होतं, पण दोघंही माझ्या तोंडाकडं बघत होती.

"म्हणतायत, तू हसत नाहीस तर घरात बरं वाटत नाही."

मी ते माझ्या आवाजात सांगितलं. माझा आवाज म्हणजे कांड्या मोजणाऱ्या बाईचा. शमशादनं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि संकोचून म्हणाली, "तुम्ही बरोबरच सांगत असाल, अक्का. पण ते यांचं वाटत नाही. यांचा आवाज असता तर मला कळलं असतं."

यांचा. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. माझ्याजवळ अकराशे मेसेज होते, तारखा होत्या, कुठल्या दिवशी पोहे होते आणि कुठल्या दिवशी माझं डोकं दुखत होतं तेही होतं. आणि ही बाई माझ्या खुर्चीवर बसून, माझे पोहे खात, तो आवाज तिच्या नवऱ्याचा म्हणत होती. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी तिला आणखी पोहे वाढले. ती नको नको म्हणत असताना वाढले.

ती दोघं गेल्यावर मी भांडी घासली नाहीत. हे दुपारी जेवायला आले, चपलांच्या आधी पट्टी काढली, खिळ्याला लावली. मी उभ्या उभ्याच सांगितलं की अडून बसलेला एकजण म्हणजे मी.

यांना वाटत होतं की जर्मन प्राध्यापक असतील. गटाच्या मेल हे वाचतच नाहीत. 'चालेल' लिहिलं की यांचं काम झालं. ओठांनी विचारलं, तत्त्वासाठी का. मी म्हटलं नाही. मग चष्म्याच्या दुकानापासून सगळं सांगितलं. शेडच्या बाहेर येऊन मला पाठवलेले निरोप, त्यातूनच झालेला आवाज, आणि तो आता गावभर बायकांना गोड बोलत हिंडतोय. मला तेवढा मिळत नाही.

हे ऐकत राहिले. ऐकताना यांचा चेहरा जसा बदलला तसा मी क्वचित बघितलाय. मग यांचं तोंड सुटलं. शेडमध्ये माग पेटला तेव्हा ओरडले होते तेवढं मोठं उघडलं. मी मान फिरवली आणि भिंतीकडं बघत उभी राहिले. बिनआवाजाच्या माणसाशी भांडताना एवढं पुरतं. आपण बघितलं नाही की तो बोललाच नाही. फार सोपं हत्यार आहे, आणि फार हलकट. इतक्या वर्षांत मी ते कधी वापरलं नव्हतं.

पाठीमागं खिळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. पट्टी गळ्याला लागली की फोन एक बारीक टिक करतो, ती टिक ऐकू आली. आणि मग आमच्या घरात, ऑपरेशननंतर पहिल्यांदा, हे माझ्याशी आवाजात बोलले.

"तू किती स्वार्थी बाई आहेस गं. माणसं मुकी बसलीत तुझ्यापायी. माझ्या आवाजाचं मी काय करायचं ते तू कोण ठरवणार?"

शब्द हे. पण आवाज? आलोच, पोहे एवढ्यात टाकू नको, त्या आवाजात. तुझं डोकं उतरलं का, त्या आवाजात. 'स्वार्थी' हा शब्द तर असा आला की कुणी डोक्यावरून हात फिरवावा. मी ओठ दाबून धरले, तरी हसू फुटलं.

"हसू नको," आवाज लाडानं म्हणाला. "मी चिडलोय."

मग मला राहवलंच नाही. मी वळले तेव्हा हे पट्टी ओरबाडून काढत होते, मान लालबुंद. माझ्या दोन्ही खांद्यांना धरून मला समोर उभं केलं आणि ओठांनी बोलले. सावकाश, एकेक शब्द, जसं नव्या कामगाराला सांगतात.

"बघितलंस? म्हणून घरी लावत नाही. यात मला तुझ्यावर चिडता येत नाही. सगळं गोडच निघतं. तू भाजीत मीठ विसरलीस, गोड. माझी आई गेली, गोड. तुझ्याशी असं खोटं बोलू?"

मला एकदम दिसलं की मशीनला राग शिकवायला माझ्याकडं काही नव्हतंच. राग हे मला कधी मेसेजमध्ये पाठवत नसत. तो घरी घेऊन यायचे.

"गोड तेवढं त्यात आहे," हे म्हणाले. "ते नेऊ दे लोकांना. त्यांना तेवढंच लागतंय. त्या मुजावरला बायकोशी भांडायचं असेल तेव्हा वही आहे." मग थांबून, जरा तोंड वाकडं करून, "बाकीचा मी तुलाच लागलोय. नको असेल तर तेही सांग."

समजूत पटली म्हणतात तसं माझं झालं नाही. मत्सर काही हिशेब ऐकून उतरत नाही. 'सहज' म्हणून पाठवलेला तो निरोप कुणा परक्या बाईच्या कानात पडणार आहे हे अजूनही सलत होतं, आताही सलतं. पण शमशादच्या हातातला चष्माही डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मला भूक लागली होती. आम्ही जेवलो. भाजीत मीठ कमी होतं, आणि ते मला नीट, पूर्ण चिडून सांगण्यात आलं.

जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. आधीची मेल तत्त्वासाठी नव्हती, असं बाकी दहाही जणांना लिहिलं. मुद्दा बरोबर होता, पण मी तो माझ्या मत्सरावर पांघरूण म्हणून वापरला, असंही लिहिलं, म्हणजे केरळच्या आणि जर्मनीच्या माणसांनी कौतुक परत घ्यायचं असलं तर घ्यावं. मग खाली: 'मी, त्रिशला भूपाल मगदूम, कंठमधल्या माझ्या भागाची मालक, मूळ प्रोग्रॅम खुला राहील या अटीवर, स्टोअरमधल्या प्रतीसाठी जास्तीची परवानगी देते.' हे शेजारी बसून वाचत होते. 'मत्सर' या शब्दावर बोट ठेवून खूश झाले. तेवढं बोट मी बाजूला सारलं आणि मेल पाठवली.

जर्मन प्राध्यापकांनी उत्तर दिलं नाही. चित्कलाताईंनी दिलं. माझं खरं कारण त्यांना मेलच्या आधीच कळलं होतं, पण दूध उतू गेल्यावर काय बोलणार, म्हणून थांबल्या होत्या.

स्टोअरवाल्यांनी तपासायला अकरा दिवस घेतले. बाराव्या दिवशी 'कंठ' आला. तेराव्या दिवशी सकाळी हे दाढी करत होते आणि माझा फोन वाजला. शमशादचा नंबर. मी उचलला.

"वहिनी," आमचे हे म्हणाले.

तीस वर्षांत या आवाजानं मला नावानं हाक मारली, अगं म्हटलं, दोन-चारदा आणखीही काही म्हटलं जे इथं लिहिण्यासारखं नाही. वहिनी कधी म्हटलं नव्हतं.

"वहिनी, मी दस्तगीर. आता जमलं बघा. तुमच्या मिस्टरांनी पुण्यात सांगितलं असणार. तुमचे लई उपकार झाले."

मागं शमशाद हसत काहीतरी सांगत होती, बहुतेक मलाच. मी पदराला हात पुसला आणि आवाज जमेल तितका नेहमीसारखा ठेवला. "उपकार कसले, भाऊजी," मी म्हटलं. "दोघं या एकदा जेवायला. आल्यावर बोलू."

"येतो की," तो गोड आवाज म्हणाला. "सहज येऊ."

आरशातून हे माझ्याकडं बघत होते. अर्ध्या गालाला साबण, भुवया वर. ओठांनी विचारलं, कोण गं?

मी फोनवर हात ठेवला आणि शेडमध्ये बोलतात तसं, आवाज न काढता, तोंड मोठं करून सांगितलं.

"तुम्हीच."